मसूरची तहान आणि लंडनचा नळ

गेल्या काही वर्षांत आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो वारंवार येऊ लागला आहे. लंडनमधल्या किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांच्या नावाची गोल पाटी, आणि दारासमोर उभं असलेलं आपलं एखादं कुटुंब. आईवडिलांनी हात जोडलेले, मुलं थंडीच्या जाड जाकिटात, आणि खाली ओळ : "आयुष्याचं सार्थक झालं. जयभीम." त्यावर शंभरेक निळी हृदयं.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हीही तो फोटो काढला. त्यामुळे फोटो काढणाऱ्यांची टिंगल करायला हा लेख लिहिलेला नाही. ज्या समाजाला शंभर वर्षांपूर्वी गावच्या पाणवठ्यावर उभं राहू दिलं जात नव्हतं, त्या समाजातली माणसं आज मुलाबाळांना घेऊन लंडनला जातात, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. प्रश्न वेगळा आहे. त्या दारासमोरून निघाल्यावर आपण मुलांना काय सांगतो? आणि काय सांगायचं टाळतो? आम्ही स्वतः त्या शहरात एका संध्याकाळी जे टाळलं, त्याबद्दल हा लेख आहे.

आधी हिशेब देऊन टाकतो, कारण "कार्यकर्ते म्हणवता आणि सहकुटुंब लंडनला कसे जाता?" हे विचारणारे मित्र आपल्यात आहेत आणि त्यांना विचारण्याचा हक्क आहे. मुलांची आत्या तिथल्या एका रुग्णालयात नर्स आहे. दोन तिकिटं तिने काढली. दोन तिकिटांसाठी आणि व्हिसासाठी आम्ही पतपेढीचं कर्ज काढलं, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. पूर्व लंडनमधल्या तिच्या दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं बारा दिवस राहिलो. सकाळी पोळी-भाजीचे डबे भरून घ्यायचे आणि बाहेर पडायचं. अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांसोबत तिथल्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये तिकीट लागत नाही. मोठी संग्रहालयं आणि बागा फुकट आहेत. आमची लेक दहा वर्षांची, धाकटा सहा वर्षांचा. त्या दोघांचा शहर बघण्याचा खर्च जवळपास शून्य होता. सार्वजनिक गोष्टी खरोखर सार्वजनिक असल्या की गरिबाच्या पोरालाही शहर आपलं वाटतं, हा पहिला धडा आम्हाला तिथे मिळाला.

दुसऱ्या दिवशी सेंट जेम्स पार्कला गेलो. तळ्यात पेलिकन आहेत. १६६४ मध्ये रशियाच्या राजदूताने राजाला ते पक्षी भेट दिले, तेव्हापासून तिथे पेलिकन पाळतात. धाकटा तासभर तिथून हलेना. मग त्याला तहान लागली. बागेत पाण्याचा नळ होता, चार-पाच जण रांगेत उभे होते. पुढे एक आफ्रिकी वंशाचे आजोबा, मागे कुत्रं घेऊन एक गोरी बाई. पोराचा हात पोचेना, तेव्हा त्या आजोबांनी नळ दाबून धरला आणि पोरगं ओंजळीने पाणी प्यायलं. शर्ट पुढून भिजला. आजोबा हसले आणि निघून गेले.

एवढीच गोष्ट. पण लेकीने विचारलं, "मसूरला भिवासाठी असा नळ नव्हता का?"

वर्षावासात आमच्या विहारात ग्रंथवाचन होतं. गेल्या वर्षी त्याच्याबरोबरच आम्ही घरी मुलीला बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटं पुस्तक थोडं थोडं सांगितलं होतं. बाबासाहेबांनी १९३५-३६च्या सुमारास लिहिलेल्या या आठवणी. त्यातली पहिलीच आठवण मुलांच्या प्रवासाची आहे. साल १९०१. वडील रामजी सुभेदार सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला नोकरीवर. भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून सुट्टीला त्यांच्याकडे निघाली. नवे कपडे, नव्या टोप्या, नवे बूट आणि आगगाडीचा आनंद. मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांना पत्र मिळालंच नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणी आलं नव्हतं. पोरांचे कपडे बघून स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करायला आला. पोरांनी "आम्ही महार" असं सांगितलं आणि त्याचा चेहराच बदलला.

पुढचं आपल्याला माहीत आहे. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन एकजण तयार झाला, तोही गाडी मुलांनी हाकायची आणि आपण बाजूने चालायचं या अटीवर. सोबत भरपूर खाणं होतं, पण पाणी नव्हतं. वाटेतल्या ओहोळात शेणामुताचा वास येणारा चिखल. रात्री टोलनाक्याशी पोचल्यावर गाडीवानाने सुचवलं की महार म्हणून सांगू नका, मुसलमान म्हणून सांगा. भिवाने नाकेदाराशी उर्दूत बोलून पाणी मागितलं. तरीही मिळालं नाही. डब्यात अन्न असताना पोरं उपाशी झोपली.

ही कथा आपण भाषणात पन्नास वेळा सांगितली असेल. पण आपलं पोरगं नुकतंच एका परक्या शहरातल्या नळावर, परक्या माणसाच्या मदतीने पाणी पिऊन ओल्या शर्टाने समोर उभं असतं, तेव्हा ती कथा वेगळी ऐकू येते. भिवा तेव्हा आमच्या लेकीच्याच वयाचा होता. आपल्या देशात, आपल्या जिल्ह्यात, बापाला भेटायला निघालेली ती पोरं होती.

त्या बागेला लागूनच सेंट जेम्स पॅलेस आहे. मुलांना आम्ही तिथे चालत नेलं. दारावर पहारेकरी, आत जायला मिळत नाही. बाहेर उभं राहून सांगितलं की पाणी न मिळालेला तो मुलगा पुढे जवळपास ३० वर्षांनी इथे आला होता. १९३० साली पहिली गोलमेज परिषद याच राजवाड्यात भरली होती. नोव्हेंबरमधल्या आपल्या भाषणात बाबासाहेबांनी ब्रिटिशांच्या तोंडावर विचारलं होतं की तुमच्या आधी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, तुमच्या राज्यात तरी तो हक्क मिळाला का? जगातल्या सर्वात मोठ्या साम्राज्याच्या राजधानीत, राजेमहाराजांच्या बैठकीत, त्यांनी विहिरीचा प्रश्न काढला. आपल्यावर आजही 'इंग्रजधार्जिणे' असा शिक्का मारणाऱ्यांनी ते भाषण एकदा वाचावं. लेकीला त्यातलं राजकारण कितपत कळलं माहीत नाही, पण तिने एक वाक्य बरोबर पकडलं : "म्हणजे तो पाण्याचं विसरला नव्हता."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याच वाक्याने आम्हाला पकडलं.

किंग हेन्रीज रोडवरच्या घरी गेलो तो चौथा दिवस. बाबासाहेब तिथे १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र शासनाने ३० लाख पौंडांहून अधिक किमतीला ते २०१५ मध्ये विकत घेतलं. पुढे काही शेजाऱ्यांनी आक्षेप घेतला की निवासी गल्लीत संग्रहालय नको, लोक येतात, आवाज होतो, फोटो काढतात. स्थानिक परिषदेने परवानगी नाकारली, सुनावणी झाली आणि २०२० च्या मार्चमध्ये तिथल्या मंत्र्यांनी अपील मंजूर केल्यावर संग्रहालयाचा मार्ग मोकळा झाला.

आत फिरताना आपल्या लोकांचं एक लक्षात येतं. पलंगाजवळ, खुर्चीजवळ सगळे हात जोडून उभे राहतात. अभिवादन करावंच. पण बाबासाहेब त्या घरात फार वेळ नसायचेच. त्यांचा दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात जायचा. ग्रंथालय उघडताना आत आणि बंद होताना बाहेर, दुपारच्या जेवणाला काट, रात्री भूक लागली तर भाजलेले पापड. या काळात त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली, ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. १९२० मध्ये ते निघाले तेव्हा जवळ सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे होते, शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज होतं. म्हणजे आमच्या पतपेढीच्या कर्जालाही मोठी परंपरा आहे म्हणायची!

मुलांना आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली. बाबासाहेबांचा मुलगा यशवंत डिसेंबर १९१२ चा. वडील या घरात राहत होते तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता, परळच्या बीआयटी चाळीत रमाईजवळ. रमाई काटकसरीत घर चालवत होत्या. यशवंतने हे घर तेव्हा पाहिलं नाही, पेलिकन पाहिले नाहीत. बापाने पोराला लंडन दाखवावं एवढी ऐपतच नव्हती. धाकट्याने विचारलं, "मग त्याला राग नाही आला?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. एवढंच म्हणालो की त्याचे वडील इथे जे शिकले त्यातून आपलं सगळ्यांचं शाळेत जाणं सोपं झालं. पण मनात आलं की आपली मुलं त्या दारासमोर फोटोत उभी राहतात, ती जागा एका मुलाने आपल्या वाट्याचा बाप देऊन मोकळी करून दिलेली आहे. रमाईंच्या त्यागावर आपण गाणी म्हणतो. त्या घरात उभं राहून मुलांना यशवंतबद्दलही सांगावं, असं आम्हाला वाटतं.

नंतर ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीची शिल्पं पाहिली. आंध्रातल्या त्या महास्तूपाचे दगड १९व्या शतकात ब्रिटिशांनी जहाजाने नेले. बोधिवृक्ष, धम्मचक्र, स्तूपाला वंदन करणारे स्त्री-पुरुष. लेक दगडाशी उभी राहून कुजबुजली, "हे आपलं आहे ना? मग इथे कसं?" उत्तर दोन्ही बाजूंनी द्यावं लागतं. इंग्रजांनी नेलं हे खरं. आणि त्यांच्या आधी आपल्याच देशात ते मातीखाली गेलं होतं, स्थानिक जमीनदार त्याचे दगड बांधकामाला काढत होता, हेही तितकंच खरं. बुद्ध या देशातून कसा हद्दपार झाला, हा प्रश्न म्युझियमच्या पाटीवर नसतो. तो आपल्याला विचारावा लागतो.

आता त्या संध्याकाळबद्दल.

आत्याच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाने चहाला बोलावलं होतं. चांगली माणसं. तीस वर्षं तिथे राहिलेली, नातवंडांशी इंग्रजीत आणि आमच्याशी आवर्जून मराठीत बोलणारी. चिवडा, शंकरपाळे, गावाकडच्या गप्पा. घरातल्या आजींनी आमच्या लेकीला जवळ बसवलं, वेणीचं कौतुक केलं आणि विचारलं, "तुमचं आडनाव काय गं?" तिने सांगितलं. आमचं आडनाव दोन-तीन समाजांत असतं, त्यामुळे आजींचं समाधान झालं नाही. "म्हणजे मूळचे कुठले? घरात देव कुठला तुमच्या?" लेक सरळ म्हणाली, "आमच्याकडे देव नाही. बुद्ध आहेत. आम्ही..." आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत आम्ही मध्ये पडलो. "अहो, आम्ही पुण्याचेच. तुम्ही पुण्यात कुठे होतात?" विषय बदलला. आजींनी "असं होय" म्हटलं आणि त्या ताटल्या उचलायला उठल्या. नंतर चहा झाला, बोलणंही झालं, पण सगळंच जरा आवरल्यासारखं. आम्ही ठरल्यापेक्षा लवकर निघालो.

कुणी अपमान केला नाही. कप वेगळा दिला नाही. आजींच्या मनात काय होतं याचा निवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. आमची तक्रार आमच्याबद्दल आहे. परतीच्या बसमध्ये लेकीने विचारलं, "तुम्ही मला मध्येच का थांबवलं? मी चुकीचं बोलत होते का?"

मित्रांनो, आम्ही वस्तीतल्या तरुणांची शिबिरं घेतो. ओळख लपवू नका, कॉलेजात ताठ मानेने सांगा, असं शंभर पोरांना सांगितलं असेल. समाजशास्त्राच्या वर्गात जात आणि स्थलांतर यांवर निबंध लिहिले. आणि परक्या शहरात एका म्हाताऱ्या बाईच्या साध्या प्रश्नावर आमच्या तोंडून गावाचं नाव निघालं. दहा वर्षांच्या मुलीने जे सहज सांगितलं असतं ते आम्ही अडवलं. आम्हाला भीती नव्हती. आम्हाला फक्त 'संध्याकाळ खराब होऊ नये' असं वाटलं. आपल्यातल्या शिकलेल्या, नोकरदार, परदेशी जाणाऱ्या वर्गाचं लपवणं नेमकं असंच असतं. कुणी धमकावलेलं नसतं. वातावरण बिघडू नये म्हणून आपणच आपलं तोंड धरतो.

लंडनमध्ये जात नाही, असं परत आलेले आपले काही लोक सांगतात. रस्त्यावर नाही, हे खरं. नळावर नाही. दुकानात आडनाव कुणी विचारत नाही. तिथे दुसरे भेद आहेत. त्या नळ दाबणाऱ्या आजोबांच्या पिढीला त्या शहराने घर भाड्याने देताना कातडीचा रंग बघितला होता, १९९३ मध्ये बसची वाट बघत थांबलेल्या स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा तिथेच वंशद्वेषातून खून झाला. आपल्या मुलांना हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर एक स्वर्ग सोडून दुसरा स्वर्ग त्यांच्या डोक्यात बसेल. आणि जात? ती आपल्या लोकांच्या बॅगेतून तिथे पोचलेली आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याचा अधिकार मंत्र्यांना दिला गेला. २०१३ मध्ये तिथल्या संसदेने तो बंधनकारक केला. काही हिंदू संघटनांनी जोरदार विरोध केला, आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने आपण तशी तरतूद करणार नाही, न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत, असं जाहीर केलं. ज्या खटल्याचा आधार घेतला तो पर्मिला टिर्की या बिहारमधून नेलेल्या आदिवासी बाईंचा. एका भारतीय कुटुंबाच्या घरी त्या दिवसाला अठरा अठरा तास राबत होत्या. २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने त्यांना थकीत वेतनापोटी १ लाख ८३ हजार पौंडांहून अधिक रक्कम मंजूर केली. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली, तर त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेल्या विधेयकावर गव्हर्नरने सही नाकारली. जात नसती तर एवढी लढाई कशावर चालली असती?

आता आपल्यातलाच एक आक्षेप. "लहान मुलांना हे कशाला? त्यांना जात कळूच नये म्हणून तर आपण एवढं शिकलो, चांगल्या सोसायटीत घर घेतलं. त्यांचं बालपण कशाला नासवायचं?" हा आक्षेप आम्ही हलक्यात घेत नाही. तो प्रेमातून येतो. आपल्या आजोबांनी सोसलेलं आपल्या पोराच्या कानावरही पडू नये, असं कुठल्या आईबापाला वाटणार नाही? पण न सांगितल्याने मूल जातीपासून वाचत नाही. ते फक्त तिच्यासमोर एकटं पडतं. आपण सांगितलं नाही तर शाळेतला सोबती सांगेल, सोसायटीतली काकू सांगेल, आणि ते सांगणं शिवीच्या भाषेत असेल. राजस्थानातल्या जालोर जिल्ह्यात ऑगस्ट २०२२ मध्ये नऊ वर्षांचा एक दलित विद्यार्थी मरण पावला. शिक्षकांच्या माठातलं पाणी प्यायला म्हणून त्याला मारलं, असा त्याच्या कुटुंबाचा आरोप होता. पोलीस, चौकशी, दावे-प्रतिदावे सगळं झालं. पण १९०१ नंतर १२१ वर्षांनी, देशात स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाची तयारी चालू असताना, पाण्याच्या माठावरून असा आरोप होऊ शकतो आणि तो कुणाला अशक्य वाटत नाही, यातच सगळं आलं.

शिवाय लपवण्याचं काय होतं, हे बाबासाहेबांनी त्याच पुस्तकात लिहून ठेवलं आहे. मसूरच्या वाटेवर मुलांनी जात लपवली, पाणी मिळालं नाही. १९१७ मध्ये बडोद्याला काय झालं? अमेरिका आणि इंग्लंडमधल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असं ते सांगतात. बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच ती परत आली, कारण राहायचं कुठे हा प्रश्न होता. पारशी धर्मशाळेत पारशी नावाने राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन पारशांचा जमाव आला आणि कोलंबियात शिकून आलेल्या त्या तरुणाला बाहेर काढलं. मुंबईची गाडी येईपर्यंत त्यांनी कामाठी बागेत वेळ काढला. एक बाग ती, आणि एक बाग ज्यात आमची पोरं पेलिकन बघत होती. दोन्ही वेळा लपवलं, दोन्ही वेळा उपयोग झाला नाही. त्यानंतर बाबासाहेबांनी काय केलं? १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर उघड्यावर, सगळ्यांच्या देखत पाणी प्यायले. लपून मिळवलेल्या घोटभर पाण्याने त्यांचं समाधान होणारच नव्हतं. त्यांना हक्क हवा होता.

म्हणून त्या रात्री आत्याच्या घरी आम्ही लेकीची माफी मागितली. "तू बरोबर बोलत होतीस. आम्ही घाबरलो नव्हतो, पण आम्ही ओशाळलो, आणि ओशाळायचं कारण आपलं नव्हतं," असं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग परत विचारलं तर मी पूर्ण सांगू?" आम्ही म्हटलं, पूर्ण सांग. आत्या स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने हात पुसत सांगितलं की ती सहा वर्षं त्या घरी जाते आणि तिने आजवर कधी सांगितलेलं नाही. तेव्हा कळलं की हा आजार आमच्या एकट्याचा नाही.

जे तरुण वाचक उद्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी, नाहीतर आमच्यासारखे मुलांना घेऊन फिरायला बाहेर जातील, त्यांना आमचं सांगणं एवढंच आहे.

जाण्याआधी मुलांसोबत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचा. जेमतेम काही पानांचं पुस्तक आहे आणि आमच्या मते ते प्रवासवर्णनच आहे. मसूरची वाट, बडोद्याची धर्मशाळा, १९३४ ला वेरूळ-दौलताबादच्या सहलीत तलावाच्या पाण्यावरून झालेला प्रसंग, सगळे प्रवासच आहेत. त्या प्रवासांची आठवण सोबत असली की परदेशातला साधा नळही मुलांना काहीतरी सांगतो.

तिथे गेल्यावर दहा नंबरच्या घराला अभिवादन करा, पण तेवढ्यावर थांबू नका. मुलांना ग्रंथालयात न्या. टेबल दाखवा, घड्याळ दाखवा, सकाळी कधी उघडतं आणि रात्री कधी बंद होतं ते दाखवा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे, तो पाहताना आजूबाजूला बसून अभ्यास करणारी मुलंही दाखवा. घराचं तीर्थक्षेत्र झालं तर मुलं नमस्कार करायला शिकतील. त्या घरातून रोज सकाळी उठून वाचनालयात जाणारा विद्यार्थी कळला तर मुलं अभ्यासाला बसतील.

आणि परत आल्यावर वस्तीत जा. फराळाच्या डब्याबरोबर आणलेलं चॉकलेट वाटून काम संपत नाही. आम्ही गेल्या महिन्यात विहारात पोरांना जमवून लेकीलाच बोलायला लावलं. पेलिकन, भुयारी रेल्वे, नळ, यशवंत, आजींचा चहा, सगळं तिने सांगितलं. शेवटी आठवीतल्या एका मुलाने विचारलं, "मला जायचं असेल तर किती पैसे लागतात?" हा खरा प्रश्न आहे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा ७५. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या जागा संपूर्ण देशासाठी १२५. आणि २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचे सामाजिक अभ्यास हे विषयच त्यातून वगळले. म्हणजे आमच्या पोराने परदेशी जावं, पण तिथे जाऊन जातीचा अभ्यास करू नये! बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियात मांडलेला जातीवरचा निबंध या नियमात बसला असता का, हे ज्याचं त्याने ठरवावं. जागा वाढवा आणि ही अट काढा, ही मागणी आपण प्रत्येक जयंतीच्या मंचावरून, प्रत्येक निवेदनात, प्रत्येक उमेदवाराकडे लावून धरली पाहिजे. आपल्यातले चार जण मुलांना लंडन दाखवून आले, एवढ्याने समाजाचा प्रवास झाला असं होत नाही.

आठवीतल्या त्या मुलाला आम्ही शिष्यवृत्तीची माहिती लिहून दिली आहे. आमच्या लेकीने आत्याला फोनवर विचारलं, आजी परत भेटल्या का? आत्या म्हणाली, भेटल्या. चहाला बोलावलंय. या वेळी मी सांगणार आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!